तोंड कवळीच्या मापाचं

सोमवार, ३ ऑक्टोबर १९२१

टॅम्झिन, आधी खुशाली सांग सगळ्यांची. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या विल्फ्रेडचा खोकला उतरला का, की अजून खाणीतली धूळच निघतेय? मॉर्वेनाच्या ओकाऱ्या थांबल्या? तिला म्हणावं, उठल्या उठल्या कोरडा पाव खा. आणि आपली शेळी, कासेची सूज गेली का तिची? मी ठणठणीत आहे. रोज थोडं खरडत जाईन आणि पानं साठली की एकदम धाडीन.

कवळ्या करायच्या नव्या नोकरीवर वाराकूटाला सुखरूप पोचले. चहूकडे गहू, नजर थकेल इतका. बायका केशर घातलेले बनपाव आणि चहाची किटली घेऊन स्टेशनावर हजर! मिसेस हॉकिन म्हणून गव्हाच्या दलालाची बायको आहे, गावाची पाटलीणच म्हण. माझी पेटी हातात घेऊन म्हणते कशी, मावशी, जरा हसा बघू. मी हसले, तर सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. अगं बाई, हिचे तर दात स्वतःचे आहेत, या वयात! एकीनं हळूच विचारलं, दुखत नाहीत का हो? मी म्हटलं, मी चावले तर तुम्हाला दुखेल. खूप हसल्या. मोकळ्या मनाची माणसं वाटतात.

दवाखान्यामागची खोली मला दिलीय. शेजारीच कवळ्या करायची खोली. आमचे हे गेल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर मोडक्या कवळ्या उसवून उसवून शिकलेली माझी विद्या, तिला एवढी ऐसपैस जागा कधी मिळाली नव्हती.

बुधवार, ५ ऑक्टोबर

डॉक्टरांचं नाव ॲम्ब्रोझ किंगडन. जबड्याचे मोठे सर्जन. बोलणं मधाळ, हात बाईमाणसासारखे गोरे. जेवताना माझ्या ताटातलं मटण त्यांनी स्वतः कापून दिलं, अगदी बारीक, जसं काही मला चावताच येत नाही.

मी म्हातारीच्या चौकसपणानं विचारलं, एवढे शिकलेले तुम्ही, या रानात कसे? म्हणाले, मावशी, आमच्यात जो पुढचं शिकतो त्याला तीन वाटा. शहरात पाटी लावावी, तर तिथं तोंडाच्या वाटण्या झालेल्या. वाकडे दात एकाचे, हिरड्या दुसऱ्याच्या, मुळं तिसऱ्याची. मी हिरडीकडे नुसतं पाहिलं तरी भांडण. विद्यापीठात शिकवावं, तर पोरं प्रश्न विचारतात. इस्पितळात राहावं, तर तेही केलं, लढाईत फुटलेले जबडे सांधले. पण तिथं टेबलाच्या पलीकडे दुसरा डॉक्टर उभा असतो आणि तो म्हणतो, किंगडन, पुरे आता. इथं पलीकडे कुणी नाही. इथं अख्खं तोंड माझं.

मलाही पटलं. मी तरी आयुष्यभर एकटीच राबले, कुणाची लुडबुड मला तरी कुठं खपते!

शनिवार, ८ ऑक्टोबर

इथल्या शनिवारला ‘धरायचा दिवस’ म्हणतात. भुलीचं औषध डॉक्टर जेमतेम देतात, म्हणून घरचे आणि शेजारी येऊन रुग्णाला धरतात. मग व्हरांड्यात चहा, केक. आज लोकर कातरणारा एक आडदांड गडी होता. संधिवात. डॉक्टर म्हणाले, दुखणं सांध्यात नाही, दातांच्या मुळांत आहे. चार जण त्याच्या हातापायांवर बसले. टॅम्झिन, तो बैलासारखा ओरडला गं. एकामागून एक दात बशीत टणटण पडत होते. त्याची बायको मला म्हणाली, मावशी, घाबरू नका, आमचे हे न्हाव्याकडेही ओरडतात.

शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर काढून दार लावलं. आत ठोकल्याचा आवाज येत राहिला. सुतारकाम चालल्यासारखा.

एक गोष्ट खटकते. तोंडाचं माप मी घ्यायचं नाही म्हणे. ते कपाटातून प्लास्टरचा साचा काढून देतात, त्यावर मी कवळी करायची. पण दर वेळी साचा तोच! आणि कवळ्या बसतातही चपखल. चर्चमध्ये सगळं गाव हसलं की एकच माणूस हसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, आळस असेल. आपल्याला काय.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

बेकरीवाल्या शुल्झची ओटिली आली होती. पर्सी हॉकिनशी लग्न ठरलंय, शनिवारी तिचे सगळे दात उतरवायचे. बापाकडून लग्नाचा अहेर. यात नवल नाही, आपल्या वेळीही नवरीचे दात आधीच काढून देत, नवऱ्याला पुढं खर्च नको म्हणून. पण हिची बत्तिशी म्हणजे मोत्यांची माळ! बसल्या बसल्या माझे बदाम कडाकडा फोडून खाल्ले आणि म्हणाली, मावशी, शनिवारपर्यंत खाऊन घेते. मग म्हणाली, सासूबाईंसारखे घोडदात नका देऊ हं मला. पर्सीला माझं हसू आवडतं.

माझा जीव कळवळला. डॉक्टर फेरीवर गेले होते. मी मेणात तिचं माप घेतलं. दात गेल्यावर हिरड्या आटतात, म्हणून पाच-सहा महिन्यांनी तोंड जसं होईल त्या अंदाजानं कवळी लहान केली, नाजूक, तिच्याच दातांसारखी. वाटलं, जखमा भरेपर्यंत पेटीत ठेवील पोरगी.

रविवार, १६ ऑक्टोबर

अक्षर लागलं तर बघ.

काल डॉक्टरांनी मला ओटिलीच्या पायांशी उभं केलं. डोकं सासूनं धरलं, मिसेस हॉकिननं. तशी रीत आहे इथली. पकड लागली. ती अहेराची पोर आधी हसत होती, मग तिनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. दात संपले. मी कापूस घेऊन पुढं झाले, तर डॉक्टर म्हणाले, कवळी आणा.

मी म्हटलं, आत्ता? रक्त वाहतंय. ही बऱ्या झालेल्या तोंडाची आहे, आत्ता नाही बसायची.

त्यांनी ती नाजूक कवळी उजेडात धरली. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, सुरेख आहे. मावशी, कवळी चुकलेली नाही, तोंड चुकलंय.

आणि छिन्नी घेतली.

ते ठोकणं, टॅम्झिन. ते हाड होतं. गावात सगळ्यांचं हाडच ठोकलंय त्यांनी, त्या एका साच्यात बसेपर्यंत. इतरांचं थोडं. हिचं किती तरी, कारण माझी कवळी लहान होती. मी केली लहान. मी ओरडले, थांबा, तर मिसेस हॉकिन म्हणाली, शू, पोरीला घाबरवू नका. एक बाजू झाली तेव्हा काडी मोडावी तसा आवाज आला आणि हनुवटी एकीकडे लोंबली. डॉक्टर घाम पुसून म्हणाले, दुसरी बाजू गुरुवारी.

मग व्हरांड्यात केक कापला.

सोमवार, १७ ऑक्टोबर

ओटिली मागच्या खोलीत आहे. जिवंत. चमच्यानं दूध घालते, अर्धं रक्तासकट परत येतं. बोलता येत नाही.

तिच्या आईचे पाय धरले. म्हटलं, घेऊन जा पोरीला, दुसऱ्यांदा ही वाचायची नाही. ती म्हणाली, मलाही दुखलं होतं मावशी, काही होत नाही. आणि हसली. ओठ हलले, गाल हलले नाहीत.

पोलीस शिपायाकडे गेले. त्यानंही तेच हसू हसून माझी टोपी सरळ केली.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

परतीची गाडी फक्त गुरुवारी. दुपारी. स्टेशन दवाखान्याच्या आवारामागेच — कुंपण ओलांडलं की रूळ. ओटिलीला खुणेनं सांगितलं. तिनं डोळे मिटून उघडले.

डॉक्टर जेवताना माझ्या तोंडाकडेच बघत होते. म्हणाले, एवढे जुने दात, मावशी, मुळं किती खोल गेली असतील.

बुधवार, १९

व्हरांड्यात बायका केकवर साखर पसरताहेत. एकीनं विचारलं, मावशी, उद्या तुमचं डोकं कोण धरणार? कुणी जवळचं आहे का, की आम्हीच धरू?

उद्या. दोघींचंही.

गुरुवार

गाडीच्या थोडं आधीच न्यायला आले. डॉक्टर पुढं, हॉकिन मंडळी मागं. मी ओटिलीला आधीच कवळ्यांच्या खोलीत आणलं होतं. कवळ्यांचं रबर वाफेत शिजवायचं पितळी भांडं शेगडीवर — आत कोंडलेली वाफ — डॉक्टर वाकले तसा झाकणाचा स्क्रू सोडला. थेट तोंडावर. कातडी — त्यांचं ते मधाळ तोंड — ओरडले. बैलासारखे ओरडले, तेही.

पर्सीनं माझा दंड पिरगाळला. डावा. लोंबतोय. कवळ्या दाबायच्या लोखंडी यंत्राचा दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला, दोनदा. गुडघा मोडला. ओटिलीवर प्रेम होतं म्हणे.

सगळ्यांना बाहेर ढकललं. दाराला बाक लावलाय. ठोकताहेत. मिसेस हॉकिन बाहेरून समजावतेय, मावशी, हट्ट काय लहान मुलासारखा, चहा गार होतोय. डॉक्टर बोलताहेत — अजून बोलताहेत — म्हणतात, हाताला काही झालेलं नाही, हात शाबूत आहेत माझे.

शिटी वाजली. गाडी आली.

खिडकी लहान आहे. ओटिली मावते. मी नाही, हा हात घेऊन. ती जात नाही, मान हलवते. ही पानं तिच्या अंगरख्यात घालते म्हणजे जाईल, काम दिलं म्हणजे जाईल —

टॅम्झिन, ही ओटिली शुल्झ. तिला काही विचारू नकोस, सांगता यायचं नाही. दूध कोमट दे, पातळ, मान मागं टेकवून. जबडा हलवू नकोस. थेट शहरातल्या मोठ्या इस्पितळात ने, जिथं टेबलापाशी दोन-दोन डॉक्टर असतात. आरशापाशी नेऊ नकोस, आत्ता नको. कवळी मी केली होती हे तिला माहीत आहे, तरी हात सोडत नाही माझा.

दाराची बिजागरी निघाली, वरची.

मी बरी आहे. तू लवकर लिही गं. पोरगी पोचली एवढंच लिही, लवकर, लगेच लिही, मला कळायला हवं की ती