वजा मास्तर

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी, म्हणून नवी वही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, माणसं माझ्यासकट आठ आणि माझी खुर्ची चक्क खिडकीपाशी. आमचा ईमेलचा प्रोग्राम आहे. पत्र शोधताना लोकांनी काय टाइप करायचं, ती भाषा ठरवणं हे माझं काम. ‘फोल्डर:घर’ लिहिलं की घराच्या फोल्डरमधलीच पत्रं यावीत, त्याच्या आधी वजाची खूण दिली की तेवढी सोडून बाकीची. संध्याकाळी ताईला समजावून सांगितलं, तर म्हणाली, एवढ्यासाठी पगार देतात? तिच्याच घरी राहते, म्हणून ऐकून घेतलं.

ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी माझं फोल्डर स्वतः उघडून दिलं, मास्तरांच्या फोल्डरच्या आत. त्यांचंच काम पुढे न्यायचंय, तर तिथेच बरं, म्हणाल्या. मास्तर म्हणजे माझ्या जागेवर आधी होते ते. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. निवृत्त होऊन लेकीकडे गेलेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मास्तर असं करायचे, मास्तर तसं करायचे. कान किटले. चहा देणाऱ्या मावशींना दोनदा नाव सांगितलं, तरी मी त्यांच्या लेखी ‘मास्तरांनंतरची’. भिंतीवर सहलीचा फोटो आहे, त्यात मधोमध मास्तर. फळीवरचा निळा कप घ्यायला गेले, तर मावशींनी हातातून काढून घेतला. मास्तरांचा आहे म्हणे. माणूस गेला लेकीकडे आणि कप इथे राज्य करतोय.

दोन दिवस त्यांच्या कामात खोट शोधतेय. सापडत नाही. खरी जळजळ त्याचीच आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सापडली एकदाची. मास्तरांच्या नियमात फोल्डरच्या आतली फोल्डरं धरायची, तर पुढे चांदणीची खूण (*) टाकावी लागते. लोक ती विसरतात आणि पत्र हरवलं म्हणून आम्हाला शिव्या देतात. मी चांदणीच काढून टाकली. फोल्डर म्हटलं की आतलं सगळं आलंच. मॅडम खूश झाल्या. मला वाटलं, आता तरी.

पण त्यांनी लगेच मास्तरांनाही कळवलं. तासाभरात उत्तर आलं. छान केलंस बेटा, शोधताना आतलं सगळं येऊ दे, पण वगळताना आतलं जाऊ देऊ नकोस, आत काय ठेवलंय ते माणसाच्या लक्षात राहत नाही. सगळ्यांनी ते वाचून माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बेटा म्हणे! नियमाच्या शेजारी त्यांनी हीच सूचना लिहून ठेवली होती, ती मी खोडली. माझ्या नियमात वगळलं की आतलंही वगळलं जाणार.

सोमवार, १७ फेब्रुवारी

इथली रीत अशी, की नवा नियम आधी आठवडाभर ऑफिसच्या सगळ्या टपालावर चालवून बघायचा, कोणी काढला नाही तर तो कायम. कुठलं तरी उदाहरण हवं होतं. मी लिहिलं, ‘-फोल्डर:मास्तर’. आठवडाभर कोणाला त्यांची पत्रं दिसणार नाहीत, एवढाच खोडसाळपणा. लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दिवसभरात एकदाही मास्तरांचं नाव निघालं नाही. निळा कप फळीवर नाही. फोटोत मधोमध मोकळी जागा आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी हात कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखे हवेतच ठेवलेत. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, कोण मास्तर?

हे माझ्याच वजाच्या खुणेने झालं. तरीही आज मॅडमनी मला नावाने हाक मारली आणि मी खूश झाले. लाज वाटते, पण झाले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

राहवलं नाही. जुन्या कागदावरून नंबर काढून मास्तरांच्या लेकीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, चुकीचा नंबर लागला असेल, मला वडील नव्हतेच, मला आजीने वाढवलं. मागे कोणीतरी भांडी लावत होतं. मी फोन ठेवला.

वजाची खूण काढायला बसले. माझं खातं उघडेना. अशी व्यक्ती नाही, असं दाखवतंय. तेव्हा आठवलं, माझं फोल्डर मास्तरांच्या आत आहे, आणि वगळणं आता तिथवर पोहोचलंय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मावशींनी सातच कप आणले. मॅडमच्या समोर उभी राहून बोलले, सगळं कबूल केलं. त्यांनी उठून खिडकी लावली. वारा येतोय म्हणाल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

किल्ली लागली नाही. बेल दाबली. ताईने दार उघडलं, जिन्यात डोकावली, माझ्या तोंडावर लावून घेतलं. ताई, अगं मी — दार लागता लागता माझ्या खोलीत पलंगाच्या जागी इस्त्रीचं टेबल दिसलं. आतून फोनवर कोणाला तरी सांगत होती, मी एकुलती एक, मला कुठली बहीण —

सोमवार, २४ फेब्रुवारी

नवी बाई आली. खिडकीपाशी बसलीय. सगळे तिला सांगतात, या खुर्चीत तूच पहिली. तिचं फोल्डर स्वतंत्र, कोणाच्या आत नाही. मला असं कधी कोणी — अजून जळतेच आहे मी. आता कशाला —

वही तिच्या खणात ठेवते. कागदावरचं दिसेल ना तिला —

बाई, एवढं कर. मास्तरांच्या फोल्डरआधीची वजाची खूण खोड. ते येतील, त्यांच्या आतून मी. आतच राहीन. कपही त्यांचाच राहू दे. ताईला कळव — नाव विचारेल ती — माझं नाव — आत्ता होतं — मावशींना विचार, त्या सांगतील. मी ती, मास्तरांनंतरची —