पुसलं म्हणून सांगितलेलं गाणं

डोंगरकडा

प्रिय देवा,

फोनवर गिटारीचं नाव काढलं की तू कट करतोस, समोर आलो की पावसापाण्याचं विचारतोस. म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहायची पाळी आणलीस माझ्यावर. रुख्मिणीवहिनीच्या हाती देऊन राहिलो. फाडायचं असलं तर वाचून फाड.

आधी गुन्हा कबूल करतो. आठ वर्षांमागं मळणी यंत्रात तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून आल्या आल्या तू म्हणालास, शिवहार, माझं वाजवलेलं समदं पुसून टाक. मी व्हय म्हणालो. आठवड्यानं पुसलं म्हणूनही सांगितलं. खोटं बोललो. तुझ्यापाशी जन्मात एकदाच खोटं बोललो, बिडी सोडली म्हणालो होतो ते सोडून.

आठवतं का ते गाणं? स्टुडिओ म्हणजे आमची हळदीची खोली, अन् तुझ्या गिटारीचा अ‍ॅम्प शेळ्यांच्या गोठ्यात, कारण तिथं आवाज घुमत न्हाई हा माझा शोध! माइक अ‍ॅम्पपुढं, तू खोलीत. सगळ्या शेळ्या चरायला गेलेल्या, नुकती व्यालेली एक तेवढी मागं राहिली, आणि ऐन मधल्या तुकड्यात तिनं सूर लावला. इतकं सुंदर तू कधीच वाजवलं नव्हतंस. मी कपाळावर हात मारला, तू हसत सुटलास. कारण तू आधीच हट्ट धरून गिटारीपासून एक वायर सरळ कॉम्प्युटरला जोडायला लावली होतीस, तिच्यात शेळीचा आवाज शिरत नव्हता. मी चिडवलं होतं, अ‍ॅम्पशिवायचा हा पाणचट ताकासारखा आवाज काय चाटायचा? तू म्हणालास, राहू दे, कधीतरी कामी येईल.

आला की गड्या! मागल्या महिन्यात एक छोटी डबी आणली. साठवलेला तो आवाज तिच्यातून परत अ‍ॅम्पात सोडता येतो. अ‍ॅम्पला वाटतं, तू आत्ताच बसून वाजवतोस. ह्या खेपेला अ‍ॅम्प हळदीच्या पोत्यांमधी ठेवला, गोठ्याचं नाव न्हाई. तीन दिवस माइक इकडंतिकडं सरकवत बसलो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं, अ‍ॅम्प गुरगुरायचा, मग थांबायचं. चौथ्या दिवशी सकाळी जमलं, देवा. तुझी दहाच्या दहा बोटं ऐकू आली. मी पोत्यावर बसून रडलो, लपवू कशाला? तू तेव्हा हट्ट केला नसतास, तर माझ्यापाशी नुसती बकरीच उरली असती. तुझे लई उपकार आहेत रे माझ्यावर.

पण नुसते उपकार मानायला मी कागद काळा केला नसता. परवा शाळेची लेकरं स्नेहसंमेलनाचं गाणं रेकॉर्ड करायला आली, त्यात तुझी शिला. तिच्या जन्माआधीच तू गिटार विकलीस, घरात कुणी नावही काढत न्हाई, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या हातून तुझा तुकडा वाजला. चुकून का मुद्दाम, ते विचारू नकोस. बाकीची पोरं दंगा करत होती, ही स्पीकरपुढून हलेना. तीनदा लावायला लावलं. मग म्हणाली, काका, कोण वाजवून राहिलं हे? मला बी असंच शिकायचंय. मी म्हणालो, विचारून सांगतो. रविवारी ती येणार आहे. मी काही सांगणार न्हाई. तू ये अन् सांग.

तुझाच, अजून तरी,
शिवहार