दोन मार्कांची भरती

१० नोव्हेंबर, सोमवार
उन्नतीचा भूगोलाचा पेपर मिळाला. वीसपैकी चार. माझी पोर, सातवीत, आणि चार! प्रश्न साधा होता: भरती-ओहोटी म्हणजे काय? हिनं लिहिलं, आज पंचमी, म्हणून आमच्या खाडीत पाणी पावणेचारला भरेल, वारा खालून असेल तर जरा आधी. मनस्वी मिसनी लाल काट मारली. बरोबर केलं. पुस्तकात पंचमी कुठे आहे?
ग्रुपवर मेसेज आलाय: फेरचाचणी २० तारखेला, उत्तरं पुस्तकातलीच, सर्वांची सारखी. अठ्ठेचाळीस पोरांची अठ्ठेचाळीस उत्तरं तपासणार कोण? मला पटलं. मी पालक समितीत आहे, पटायलाच पाहिजे.
संकल्प: आजपासून उन्नतीचा अभ्यास मी घेणार. रोज. न चुकता.

११ नोव्हेंबर
काल क्रिकेट मॅच होती. आजपासून.
मूळ सापडलं. ती आज्याबरोबर खाडीत जाते, तिथेच डोकं बिघडतं. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नाही म्हणतात. हल्ली तिथीही विसरतात, म्हणून उन्नती त्यांना पाण्याची वेळ सांगते. त्या हिशोबानं ते ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढतात.
खाडी बंद केली. सुचिता म्हणाली, मग आता त्यांना वेळ कोण सांगणार? बायकोला प्रत्येक गोष्टीचं टेन्शन. म्हटलं, सिस्टीम सांगेल.

१३ नोव्हेंबर, सायं. ७
पहिला नियम शिकवला. कोणी काही विचारलं की आधी बघायचं, किती मार्कांना आहे. दोन मार्क, चार ओळी. पाचवी ओळ म्हणजे चोंबडेपणा. लिहिण्याआधी पट्टीनं समास.
तिनं विचारलं, पप्पा, कोणी नुसतंच विचारलं तर?
म्हटलं, नुसतं कोणी विचारत नाही.

१४ नोव्हेंबर
ज्याचं नाव ते! बाबांसाठी भरतीचं वेळापत्रक तयार. फॉर्म्युला उन्नतीकडूनच घेतला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पण तिथी कोण बघत बसणार? कधी वाढते, कधी गळते. शाळा तारखेवर चालते, पगार तारखेला होतो, भाडेकरू तारखेला भाडं देतात. मी तारखेची पाऊणपट केली. ३१ तारखेपर्यंत सगळं बरोबर चोवीस तासांत बसतं. म्हणजे निसर्गालाही तारीख मान्य आहे.
उन्नतीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. अभ्यासाच्या वेळात मधे बोलायचं नाही, ही आठवण दिली. तिनं पान उलटलं.
स्टेशनजवळ लॅमिनेट करून आणलं. काय सुंदर दिसतंय!

१७ नोव्हेंबर
प्रगती. चारही ओळी एका दमात म्हणते. घरात शांतता. आधी जेवताना नुसती टकळी चालायची, चिखलातली निवटी मासळी कुठे दिसली, बगळे कुठे बसले. आता ताटात बघून जेवते. सुचिता म्हणते, पोर झोपेत ओठ हलवते. म्हटलं, पाठांतर मुरतंय.
बाबांना रोज सकाळी मीच वेळ वाचून दाखवतो. आज म्हणाले, ह्ये पान्याशी जुळत नाय. म्हटलं, बाबा, छापील आहे. उठून भिंतीवरच्या वेळापत्रकाला डोळे लावून बघितलं. मग म्हणाले, मंग माजीच गफलत व्हत आसंल.
म्हातारा माणूस समजून घेतो, बरं वाटलं.

२० नोव्हेंबर
फेरचाचणी झाली. कशी गेली विचारलं. उन्नती म्हणाली, पुस्तकासारखी.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी १०
आजची भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी सव्वादहाला. बाबांना सांगितलं, निवांत जा, दुपारपर्यंत चिखल मोकळा आहे. टोपली घेऊन गेले.
उन्नती दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, पप्पा, आज बीज आहे. म्हटलं, शनिवारी विज्ञान. परत जाऊन वही उघडून बसली. एकदाच सांगावं लागलं! दहा दिवसांत केवढा फरक.

२२ नोव्हेंबर, दुपारी १.१५
बाबा आले नाहीत. फोन घरीच राहिलाय. जेट्टीवर जाऊन आलो. चिखल कुठेच दिसत नाही. सगळं पाणी. बाबांची होडी रिकामी डोलतेय.
वेळापत्रकाचं टेबल परत तपासलं. गुणाकार बरोबर आहे.

२२ नोव्हेंबर, दुपारी ४.३०
सापडले. शेजारच्या मिथुननं होडी घालून तिवरांतून काढलं. दोन तास फांदीला धरून होते, गळ्यापर्यंत पाण्यात. हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी गेलंय, बघू.
मिथुन सगळ्यांसमोर ओरडला, आज बीज हाय, दीडला पानी भरतं, तुज्या पोरीला पन ठाव हाय! लोकांना सिस्टीम कळत नाही. मला फार भीती वाटतेय.
टेबलाप्रमाणे भरती आत्ता आहे. खाडीतलं पाणी उतरतंय.

२४ नोव्हेंबर
वीसपैकी वीस. मनस्वी मिसनी उन्नतीचं उत्तर आदर्श उत्तर म्हणून ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला.

२७ नोव्हेंबर
बाबा काल घरी आले. माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. टेबल भिंतीवरून काढून कपाटामागे टाकलं.
आज संध्याकाळी त्यांनी उन्नतीला जवळ बोलावलं. आवाज बसलाय. विचारलं, बाय, उंद्या पानी कवा हाय गं?
मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! दारातच थांबलो. आता ही बोलेल, आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल.
उन्नतीनं दप्तरातून वही काढली. पट्टी लावून समास आखला. मग माझ्याकडे बघून विचारलं, पप्पा, किती मार्कांना?
मस्करी करत नव्हती. पेन धरून वाट बघत होती. बाबाही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडातून निघून गेलं, दोन.
तिनं पुस्तकातल्या चार ओळी लिहिल्या. एकही चूक नव्हती.