पिवळ्या रेघेवर विश्वास न ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
चाचणी मैदान व जप्त वाहने विभाग
(आवक खिडकी क्रमांक तीनमार्फत)

विषय : जप्त केलेल्या जुन्या इटालियन शर्यतीच्या गाडीची आज सकाळी अकराची धाव-चाचणी ताबडतोब थांबविण्याबाबत.

संदर्भ : १) मंगळवारची जप्ती. २) अर्जदाराचा बुधवारचा अर्ज (गाडी परत मिळण्याबाबत). ३) अर्जदाराचा गुरुवारचा अर्ज (चाचणी पुढे ढकलण्याबाबत), ज्यात खरे कारण लिहिलेले नव्हते.

महोदय,

१. खिडकीवर चिकटवलेल्या सूचनेनुसार अर्जात 'मी' चालत नाही, सबब निवेदन करणाऱ्याचा उल्लेख पुढे 'अर्जदार' असा केला आहे. अर्जदार हा जुन्या गाड्या दुरुस्त करून शर्यतीला उभ्या करणारा मेस्त्री आहे. आपल्या फाटकासमोरच्या बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून तो हे लिहीत आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी. आता नऊ वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. खिडकी दहाला उघडते व चाचणी अकराला आहे.

२. मुद्द्याचे आधी लिहितो. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला स्टीअरिंगचा दांडा जिथे जोडलेला आहे, तिथला नट सैल आहे. तो नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला आहे, त्याला पाना लागलेला नाही. आपल्या चाचणीत गाडी शंभरच्या वेगाने नेऊन एकदम वळवतात. तेवढ्या हादऱ्यांनी नट गळून पडेल, मग चाक चालकाचे ऐकणार नाही, आणि त्या वळणावर आपल्याच खात्याने बांधलेली काँक्रीटची भिंत आहे. चालकाच्या जिवाशी गाठ आहे. पुढचे वाचायला सवड नसेल तर कृपया इथेच थांबावे आणि आधी चाचणी थांबवावी.

३. सवड असल्यास निवेदन असे की, सदर गाडी इटलीत साठ वर्षांपूर्वी तयार झालेली, दोन आसनी, लाल रंगाची आहे. अर्जदाराला ती कोंबड्यांच्या शेडमध्ये सापडली. चालकाच्या आसनावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिची अंडी उबेपर्यंत अर्जदार तीन आठवडे थांबला. त्यानंतर सहा वर्षे गाडीवर काम केले. कुजलेला पत्रा कापून नवा हाताने ठोकून बसवला, जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क लावले, चालकाच्या डोक्याभोवती पोलादी पाइपांचा पिंजरा केला. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा शेजारच्या रंगवाल्याचे डबे फळीवरून खाली आले. तो तावातावाने भांडायला आला आणि तासभर नुसता ऐकत उभा राहिला. रविवारी ही गाडी तिच्या पहिल्या शर्यतीत उतरायची होती.

४. मंगळवारी सकाळी आपले भरारी पथक गॅरेजवर आले व 'विनापरवाना फेरफार' असा शेरा मारून गाडी क्रेनने उचलून घेऊन गेले. बुधवारी अर्जदारास सांगण्यात आले की, फेरफारास मूळ कारखान्याचे संमतीपत्र आणावे. कारखाना बंद पडून चाळीस वर्षे झाली, असे कळवल्यावर सांगण्यात आले की, बंद पडल्याचा दाखला त्याच कारखान्याच्या सही-शिक्क्याने आणावा. अर्जदाराने कपाळाला हात लावला. पण ते आता सगळे गौण आहे. शर्यत गेली तर गेली, गाडी भंगारात काढायची असेल तर खुशाल काढा.

५. नट सैल होता, तर गुरुवारच्या अर्जात 'तांत्रिक कारण' असे मोघम का लिहिले, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर लाजिरवाणे आहे. फेरफाराच्या परवान्यासाठी अर्जदाराने बुधवारच्या अर्जासोबत आपल्याच कार्यालयात प्रतिज्ञापत्र दिले आहे की, गाडीतला प्रत्येक नट त्याने स्वतः आवळला असून त्यावर पिवळी रेघ ओढली आहे. ही रीत अर्जदाराच्या वडिलांपासूनची. नट पुरता आवळला की नट आणि त्याखालचे लोखंड या दोन्हींवरून बारीक ब्रशने एक पिवळी रेघ ओढायची. रेघ नाही म्हणजे काम राहिले आहे. रेघ आहे म्हणजे पुन्हा हात लावायचा नाही, कोणी रात्री झोपेतून उठवून विचारले तरी 'झालंय' म्हणायचे. वडिलांनी या रेघेवर चाळीस वर्षे गॅरेज चालवले.

सोमवारी संध्याकाळी अर्जदार शेवटच्या रेघा ओढत होता. हा एक नट मुद्दाम सैल ठेवला होता, कारण चाकांची दिशा सकाळच्या उजेडात लावायची होती. परंतु डबा उघडा होता, रंग आळत चालला होता, ब्रश हातातच होता. सकाळी आवळूच की, असे मनाशी म्हणून अर्जदाराने त्या सैल नटावरही रेघ ओढून टाकली. सकाळी पान्याऐवजी आपले पथक आले.

म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटे आहे. खोट्या प्रतिज्ञापत्राला गॅरेजचा परवाना कायमचा रद्द, हे अर्जदारास पाठ आहे. म्हणून दोन दिवस तो मूग गिळून बसला. आपले चालक चाचणीआधी प्रत्येक जोडाला पाना लावून बघतात, त्यात सापडेल आणि अर्जदाराचे नावही येणार नाही, अशी त्याची अटकळ होती. सापडला नसता तर काय, हा विचार मनात आला नाही असे नाही. आला, आणि अर्जदाराने तो बाजूला सारला. यावर आपण काय म्हणाल ते त्याने स्वतःला काल रात्रभर म्हणून घेतले आहे.

६. काल संध्याकाळी फलकावर आजच्या चालकाचे नाव लागले आणि अर्जदाराची पाचावर धारण बसली. आजचा चालक अर्जदाराचा धाकटा भाऊ आहे. दुसरा कोणताही चालक त्या नटाला पाना लावील, धाकटा लावणार नाही. त्याला वडिलांनी शिकवले आहे. पिवळी रेघ दिसली की त्याचा हात आपोआप पुढच्या नटाकडे जातो. आणि ती रेघ थोरल्याने ओढलेली असेल तर मग विचारायलाच नको.

दोघांमध्ये पाच वर्षे बोलणे नाही. त्याचे कारणही याच कागदावर यावे हे बरे. पाच वर्षांपूर्वी अर्जदाराच्या गॅरेजमधली एक गाडी शर्यतीत भिंतीवर आदळली, गिऱ्हाइकाचा पाय मोडला. उलगडून पाहिले तर एक नट सैल, आणि त्यावर पिवळी रेघ. अर्जदाराने सगळ्यांच्या देखत धाकट्याच्या थोबाडीत मारली, खोटी रेघ ओढणाऱ्याला या घरात जागा नाही असे सांगितले. धाकटा शपथेवर सांगत होता की ती रेघ त्याची नाही. अर्जदाराने कान बंद करून घेतले. धाकटा निघून गेला, परीक्षा देऊन आपल्या खात्यात लागला. त्या दिवशी गॅरेजमध्ये दोन ब्रश चालू होते. दुसरा अर्जदाराच्या हातात होता. हे त्याने आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

७. चाचणी थांबवण्यासाठी अर्जदाराने काल रात्रीपासून पुढील प्रयत्न केले. धाकट्याला सात वेळा फोन केला, त्याने सातही वेळा कापला. सकाळी त्याच्या घरी गेला, तर भावजय म्हणाली की ते साडेसहालाच निघाले, आधी दुसऱ्या मैदानावर काम आहे, आणि चाचणीच्या दिवशी फोन पेटीत जमा करावे लागतात. ती बिचारी रडायला लागली, म्हणून अर्जदाराने तिला नटाचे सांगितले नाही, काहीतरी थाप मारून निघाला. आपल्या फाटकावरच्या पहारेकऱ्यास सांगितले. तो म्हणाला, जप्त गाडीच्या मालकाने चालकाशी बोलायला सक्त मनाई आहे, नोकरी जाईल माझी. त्याचेही बरोबर आहे.

दहा वाजता खिडकी उघडल्याबरोबर अर्जदाराने आवक कारकुनास तोंडी सगळे सांगितले. कारकून सज्जन आहेत, त्यांनी पाणी दिले. परंतु तोंडी कळवलेले नोंदवता येत नाही, लेखी आणा, आणि साहेब बैठकीत आहेत, असे ते म्हणाले. चालक हा सख्खा भाऊ आहे, नातेवाइकाच्या गाडीची चाचणी नियमानेच घेता येत नाही, हा मुद्दाही अर्जदाराने मांडला. कारकुनांनी फाइल उघडून दाखवली. 'वाहनमालकाशी नाते असल्यास' या रकान्यात धाकट्याने स्वतःच्या अक्षरात 'नाही' असे लिहून सही केली आहे. तुम्ही आहे म्हणता, तो नाही म्हणतो, तेव्हा दोघांनी मिळून एक अर्ज करा, असे कारकून म्हणाले. ते अक्षर वडिलांसारखे आहे, एवढेच अर्जदाराच्या ध्यानात राहिले.

८. आता दहा वाजून बावीस मिनिटे झाली आहेत. धाकटा मैदानात आला आहे. फाटकाच्या डावीकडच्या लोखंडी जाळीतून अर्जदारास गाडी दिसते. धाकटा जरा जाड झाला आहे. त्याने बॉनेट उचलले आणि आधी काही न करता नुसता पाहत उभा राहिला. मग वडील करायचे तसे एकेका रेघेवरून बोट फिरवत, ओठांत मोजत निघाला. अर्जदाराने हाका मारल्या. मैदानावर दुसऱ्या गाडीचे इंजिन चालू आहे, तरी धाकट्याने एकदा वर पाहिले. अर्जदाराला ओळखले आणि पुन्हा खाली मान घातली.

तो गुडघ्यावर बसून डाव्या चाकाशी वाकला. त्या नटावरून त्याचे बोट गेले, आणि तो उजव्या चाकाकडे वळला. त्याच्या कमरेला पाना होता, साहेब. त्याने तो काढलासुद्धा नाही.

९. दहा छत्तीस. धाकटा हेल्मेट घालायला शेडमध्ये गेला आहे. अर्जदार रांगेत तिसरा आहे. पुढच्या गृहस्थांना नंबरप्लेटचा रंग बदलून हवा आहे आणि त्यांचे काही केल्या संपत नाही. सबब नम्र विनंती की :

(अ) चाचणी थांबवावी, आणि तो नट दुसऱ्या कोणीतरी पान्याने आवळावा.
(आ) खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल अर्जदाराचा परवाना रद्द करावा. त्याबद्दल तो दाद मागणार नाही.
(इ) चालकाच्या सेवापुस्तकात पाच वर्षांपूर्वीच्या अपघाताची नोंद असल्यास ती काढावी. नसल्यास हे कलम दुर्लक्षावे, पण त्याला वाचून दाखवावे.

दहा एकेचाळीस. धाकटा हेल्मेट घेऊन बाहेर आला. अर्जदार रांग सोडत आहे. परत आल्यावर सही करतो.

चूक कबूल करून, पूर्ण शुद्धीत सही करणारा,
(सही)
अर्जदार, गॅरेजवाला मेस्त्री
रंगाच्या दुकानाशेजारचे गॅरेज
दिनांक : आजचा, शुक्रवार. वेळ : दहा चोपन्न.

टीप : या कागदाच्या उलट बाजूस मोठ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर आपल्या कार्यालयासाठी नाही. दुसरा कोरा कागद जवळ नव्हता. जाळीवर दाबून धरल्यामुळे अर्ज चुरगळला आहे, व गंजाचे डागही पडले आहेत, ते चालवून घ्यावेत. नोंदीकरिता मजकूर असा : "रेघ खोटी आहे. मी ओढली. तेव्हाचीही माझीच असेल. दादा." त्यात 'मी' हा शब्द आला आहे, त्यास इलाज नव्हता.

सोबत :
१) प्रतिज्ञापत्राची प्रत, खोट्या वाक्याखाली रेघ मारून.
२) गॅरेजचा मूळ परवाना.
३) सतरा नंबरचा पाना, वडिलांचा, मुठीला चिंधी गुंडाळलेला. हा सोबत जोडायचा होता, जोडलेला नाही. चालकाच्या कमरेला स्वतःचा पाना होता, तरी त्याने जाळीतून हात घालून हाच मागून घेतला. तो पाना सध्या डाव्या चाकाशी, त्या नटावर आहे. परत मिळण्याची घाई नाही.