बुजगावण्याच्या अंगातला कोट

छावणी, नेवाडाचं वाळवंट
जून १९५७

ती. सिगवर्त काकांस,

टोपी हातात घेऊन आर्विडचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? तांबडी गाय व्याली का? मी मजेत आहे. (आईला एवढंच सांगा.)

तुम्ही आपल्या तालुक्याच्या भरती मंडळावर. ‘घरच्याला सूट दिली’ असं गावानं म्हणू नये म्हणून लढाई नसतानाही सगळ्यांत आधी माझाच कागद पुढे सरकवलात, त्याचा मला राग नाही. (थोडा आहे.) पण तुमच्या वेळची फौज आता विसरा. आता अणुयुग आलंय. एका बॉम्बमध्ये सगळे खलास होऊ नयेत म्हणून आमच्या डिव्हिजनचे पाच भाग केलेत. एक भाग जायचाच, हे त्यात गृहीत धरलंय. बटाटे सोलणं मात्र जुन्या युगातलंच चालू आहे. आणि अंगावर अणूची धूळ पडली तर? त्यावरही सरकारनं उपाय काढलाय: झाडू! मी शेजारच्या खाटेवरच्या ड्युप्रीला झाडायचं, ड्युप्रीनं मला. आपल्या गोठ्यात यापेक्षा जास्त सामान आहे.

गेल्या सोमवारी आम्हाला बुजगावण्यांना गणवेश चढवायला पाठवलं. ती खंदकांच्या बरीच पुढे, चाचणीच्या बॉम्बच्या बाजूला उभी करायची होती. ऊन असं की मी कोट काढून ठेवला, आणि सार्जंट ओरडायला लागल्यावर घाईत तोच एकाच्या अंगात चढवला. त्याच्यासाठीचा नवा कोरा कोट माझ्या अंगात आला. कोटावरचं माझं नाव आणि किरणं मोजणारा बिल्ला, दोन्ही तिकडे राहिले. हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे खंदकात बसल्यावर कळलं. तोवर उलटी मोजणी सुरू झाली होती. डोळे गच्च मिटले तरी उजेड आत आला. काका, मी फार घाबरलो. मग आम्ही ठरल्याप्रमाणे पुढे चालत गेलो, परत आलो आणि एकमेकांना झाडलं.

बुजगावण्यांचे बिल्ले गोळा करताना माझाही मिळाला. कोळशासारखा काळा. यादीत नाव माझं, म्हणून अधिकाऱ्यानं मला बोलावलं.

“यानुसार तू उभासुद्धा असायला नकोस.”

“उभा आहे, साहेब.”

“मग बिल्ला खराब.”

कोटाची भानगड सांगू लागलो, तर म्हणाला, “उगाच कागदपत्रांत घोळ घालू नकोस.” बिल्ला कचऱ्यात गेला. म्हणजे बिल्ला स्वच्छ असला तर माणूस ठणठणीत, आणि काळा झाला तर बिल्ला नासका! माझ्या अंगात किती गेलं, ते आता कोणालाच ठाऊक नाही.

एकंदरीत फौजेत माणूस घडतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. आईनं पाठवलेले मोजे पोचले.

तुमचा पुतण्या,
आर्विड निगार्ड

ता. क. हे पत्र आईला झाडूपर्यंतच वाचून दाखवा.

दुसरा ता. क. पुढच्या महिन्यात माझ्या पाठच्या एम्ब्रिकचा कागद मंडळापुढे येणार. त्यावर ‘शेतीसाठी गरजेचा’ असं लिहा. तो आळशी आहे, हे मला माहीत आहे. तरी लिहा. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

तिसरा ता. क. पुढे चालत गेलो तेव्हा ते बुजगावणं मला दिसलं होतं. उताणं पडलेलं, तोंड जळून गेलेलं, छातीवर मात्र ‘निगार्ड’ स्पष्ट वाचता येत होतं. एम्ब्रिकला माझेच कपडे बसतात, काका.