वाळलेल्या शेंड्यांखालची रोपं

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तरी गेल्या महिन्यात तुम्ही मला पुन्हा गुडघ्यांवर बसवलंत. इथे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून तासभर बोटीने गेलं की एक बेट लागतं. तिथल्या जंगलाचं काम मी बघते. उंच झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत, मान वर केली की पानांपेक्षा आभाळच जास्त दिसतं. वाळलेली झाडं तोडून नर्सरीतली रोपं लावायची असा बेत होता आणि सही माझी लागणार होती. बरोबरचा सहकारी पुण्याचाच. म्हणाला, "अगं, कॅनॉपी गेलीच आहे सगळी. आर्व्होपर्यंत रिपोर्ट साइन करून टाक ना, मंडेला क्रू येतोय." (आर्व्हो म्हणजे इथल्या बोलीत दुपार, बाई.)

पेन हातात घेतलं आणि ताम्हिणीची कॉलेजची सहल आठवली. मी ऐटीत वाळकी झाडं मोजून जाहीर करते आहे, "बाई, हे जंगल मरतंय." तुम्ही डबा बाजूला ठेवता, सुतळीची चौकट जमिनीवर टाकता. "वर काय बघतेस? बस खाली. रोपं मोजल्याशिवाय मरणाची बातमी द्यायची नाही." सगळ्या वर्गासमोर! इतका राग आला होता की तुम्ही पुढे केलेली गूळपोळीसुद्धा मी घेतली नाही. मग फुरंगटूनच मोजायला बसले, आणि बोटभर रोपं मोजता मोजता राग कुठे गेला ते कळलंच नाही.

तर सही राहिली. तीन दिवस मी बेटावर चौकटी टाकत रांगत होते. वरची झाडं बहुतेक एकाच जुन्या वादळानंतर उगवलेली, म्हणून सगळी एकाच वेळी म्हातारी झालेली. आणि खाली, नव्याने पोचलेल्या उन्हात, त्यांचीच रोपं गुडघ्याएवढी झाली होती. तोडणीत ती सगळी तुडवली गेली असती. मी क्रूला नको म्हणून कळवलं. सहकारी आधी कुरकुरला, मग स्वतःच चौकट घेऊन खाली बसला. बाई, मला जे काही धड येतं ते तुमच्यामुळे येतं. तुमच्या तोंडावर हे एकदाही म्हटलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

हे पत्र कुठे टाकणार? कुणी वाचणार नाही, म्हणून राहिलेली एक गोष्टही लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वी बेटाच्या दक्षिण टोकाला अशाच एका तुकड्याच्या तोडणीवर मी खाली न बघता सही केली होती. तिथे आता नुसती घाणेरीची झुडपं माजली आहेत. कुणी विचारलं तर मी वादळाचं नाव पुढे करते.