डोळ्याचा कागद

अहो,

भाकऱ्या बुट्टीत आहेत, आमटी चुलीवर. दूध झाकून ठेवा, मांजर फिरतंय. मामंजींना घेऊन मी एकच्या बसनं बेळगुंदीला, तुमच्या सोनूआत्यांकडं निघाले. मामंजींच्या गोळ्या घेतल्यात. दोन दिवस तरी मागं येऊ नका.

घरात कानडी मलाच वाचता येतं, म्हणून काल तुम्ही मला पुढं केलंत. म्हणालात, डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद आहे म्हणून सांग. मी वाचला, आणि मामंजींना तसंच सांगितलं. डोळ्याचं एक अक्षर न्हाय त्यात. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर न्हाय, त्याचं घर, शेत, औषधपाणी इथनं पुढं मुलाच्या हातात, असं लिहिलंय. डोकं ठिकाणावर न्हाय, तर मग त्यांचा अंगठा कशाला लागला हो?

परवा ते कॅम्पातल्या रस्त्यांवर वाट चुकले. अंथरूण ओलं करतात. तुमची वढाताण मला दिसत न्हाय असं न्हाय. उद्या कुणीतरी त्यांचं बघायला पायजेच. पण ते त्यांना विचारून.

कागद माझ्याजवळ आहे. आत्यांच्या समोर मामंजींना खरा वाचून दाखवणार. मग ठेवायचा का फाडायचा, त्यांचं ते ठरवतील. मला घरात घेतील का न्हाय, तेही.

सकाळी त्यांचा अंगठा साबण लावून दोनदा धुतला, तरी शाई गेली न्हाय. काल अंगठा उठवताना त्यांनी तुमच्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. मला म्हणाले, "पोरी, तू वाचलंयस न्हवं? मग झालं."